भंडारा रोड, मुक्काम वरठी : विचारू न शकणाऱ्या वाचकासाठी सूचना लिहिण्याचा इतिहास

१/
नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी साधारण तासाभरात एका स्थानकात शिरते. फलाटावरील पाटीवर नाव असते ‘भंडारा रोड’. पहिल्यांदाच येणारा प्रवासी भंडारा आले असे समजून उतरतो आणि बाहेर येताच त्याला कळते की हे गाव वरठी आहे, मोहाडी तालुक्यातले. समोर पोलाद कारखान्याची वसाहत आहे आणि भंडारा शहर अजून दहा-बारा किलोमीटर दूर आहे. पाटी खोटे बोललेली नसते. तिने अर्धेच सांगितलेले असते.

२/
भारतीय रेल्वेत ‘रोड’ या शेपटाला ठरावीक अर्थ आहे: ज्या गावाचे नाव दिले आहे ते गाव येथे नाही, येथून त्या गावाकडे रस्ता जातो. याच जिल्ह्यातील ‘तुमसर रोड’ स्थानकही तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. जिल्ह्यातील माणसाला हे सांगावे लागत नाही. परक्याला ते पाटीवरून कळत नाही; पण तो शेजारच्या प्रवाशाला विचारतो, रिक्षावाल्याला विचारतो आणि वाटेला लागतो. अर्धवट नाव खपून जाते, कारण वाचणाऱ्याला तोंड असते.

३/
आता असा वाचक कल्पावा, जो कोणालाही न विचारता पाटीवर विश्वास ठेवून थेट कृती करतो. आज असा वाचक खरोखर निर्माण झाला आहे. संगणकीय खेळ ज्या प्रणालींवर रचले जातात त्या गेम इंजिनांची अवजारे आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ चालवू लागले आहेत: दृश्यात वस्तू ठेवणे, प्रकाश लावणे, फाईल पुसणे. प्रत्येक अवजाराविषयी चार-सहा ओळींचे वर्णन एजंटापुढे असते आणि त्या ओळींवरच तो निर्णय घेतो. त्या ओळी कशा लिहाव्यात, हा प्रश्न नवा वाटतो. त्याचा इतिहास मात्र जुना आहे, आणि त्याचा एक मोठा अध्याय वरठीसारख्या स्थानकांच्या केबिनमध्ये सापडतो.

४/
आरंभ कौटिलीय अर्थशास्त्रापासून करता येतो. आर. शामशास्त्री यांच्या हाती त्याचे हस्तलिखित १९०५ मध्ये म्हैसूरला आले आणि १९०९ मध्ये ग्रंथ छापला गेला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात राजाज्ञा कशी लिहावी यावर स्वतंत्र प्रकरण आहे. राजाची आज्ञा दूरच्या प्रांतात जाते. ती वाचणारा अधिकारी उलट विचारायला राजधानीत येऊ शकत नाही. म्हणून लेखाचे सहा गुण सांगितले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. यातील स्पष्टत्वाची व्याख्या लक्षणीय आहे: रूढ, सर्वांना ठाऊक असलेले शब्द वापरणे.

५/
त्याच प्रकरणात लेखाचे पाच दोषही येतात. अकांति म्हणजे लेख दिसायलाच अस्पष्ट असणे. व्याघात म्हणजे पुढच्या विधानाने मागचे विधान खोडणे. पुनरुक्त म्हणजे विशेष कारण नसता तेच पुन्हा सांगणे. अपशब्द म्हणजे लिंग, वचन, काळ, कारक यांचा चुकीचा प्रयोग. आणि संप्लव म्हणजे जेथे तोडू नये तेथे वाक्य तोडणे व जेथे तोडावे तेथे न तोडणे, ज्यामुळे कोणता शब्द कशाशी जोडावा हेच कळेनासे होते. सौंदर्यशास्त्रापेक्षा ही यादी प्रशासनाची अधिक आहे. दूरवरच्या अंमलदाराने चुकीचे काही करू नये, ही तिच्यामागची चिंता आहे.

६/
या चिंतेला प्राणांची किंमत चिकटली ती रेल्वेच्या काळात. नागपूर–छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो घेतला, ब्रॉडगेज केला, आणि १८९१ मध्ये नागपूर–आसनसोल मार्ग वाहतुकीस खुला झाला. अशा एकेरी मार्गांवर एक मूलभूत अडचण असते. दोन स्थानकांमधील रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या धावतात. दोन्ही टोकांचे स्टेशन मास्तर एकमेकांना पाहू शकत नाहीत. आणि गाडी एकदा सुटली की तिला परत बोलावता येत नाही.

७/
ही अडचण किती भीषण असू शकते हे इंग्लंडमध्ये १८७४ च्या १० सप्टेंबरच्या रात्री दिसले. नॉर्विचजवळच्या थॉर्प येथे ग्रेट ईस्टर्न रेल्वेचा मार्ग एकेरी होता आणि गाड्यांचे नियंत्रण तारेच्या निरोपांवर चाले. लंडनची एक्सप्रेस उशिरा धावत होती. समोरून येणाऱ्या मेलला निघू द्यावे, असा निरोप नॉर्विचहून पलीकडच्या ब्रंडल स्थानकाला गेला. पाठोपाठ एक्सप्रेसही इकडून सोडली गेली. चूक उमगताच निरोप रद्द करण्याची धडपड झाली. तोवर मेल निघून गेली होती. दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ जणांचा मृत्यू झाला.

८/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी गोष्ट आहे. नियम अस्तित्वात होता. अधिकाऱ्याची स्वाक्षरी असल्याखेरीज असा निरोप तारेवर पाठवू नये, असे लिहून ठेवलेले होते. त्या रात्री गेलेल्या निरोपावर स्वाक्षरी नव्हती. निरीक्षकाच्या मते तो निरोप अजून पाठवायचा नव्हता. तारबाबूच्या समजुतीप्रमाणे पाठवायचा होता. दोघांमध्ये झालेले बोलणे अर्धे तोंडी, अर्धे कागदावर होते. तारयंत्राला मात्र स्वाक्षरी आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. कळ दाबली की शब्द पलीकडे पोहोचत होते.

९/
एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये यावर जे उत्तर शोधले ते एक यंत्र होते. दोन्ही स्थानकांवर एकेक पेटी, दोन्ही विजेच्या तारेने जोडलेल्या. पेटीत धातूच्या चकत्या. पलीकडच्या मास्तराने संमती दिल्याशिवाय इकडची चकती बाहेर निघत नाही. एक चकती बाहेर असेपर्यंत दुसरी कोणत्याच पेटीतून निघत नाही. आणि हाती चकती नसेल तर चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. भारतात याच तत्त्वावरचे नील यांचे यंत्र दीर्घकाळ वापरात होते. त्यात चकतीऐवजी पोलादी गोळा असे. चामडी पिशवीतला तो गोळा वेताच्या कड्याला अडकवून धावत्या इंजिनावर दिला-घेतला जाई.

१०/
टायर यांनी नियमपुस्तक अधिक कडक भाषेत लिहिले नाही. ‘स्वाक्षरीविना पाठवू नये’ हे वाक्य ठळक छापून त्याखाली दोन रेघा ओढण्याऐवजी त्यांनी चुकीची कृती करताच येऊ नये अशी रचना केली. पहिला धडा येथे मिळतो: जे यंत्रात घालता येते ते केवळ शब्दांवर सोडू नये. तथापि शब्दांची गरज संपली नाही. यंत्र बिघडले तर काय करावे, गोळा हरवला तर काय, तार तुटली तर कोणाच्या परवानगीने गाडी सोडावी, हे सारे लिहूनच ठेवावे लागले.

११/
हे लिखाण भारतीय रेल्वेत आजही प्रत्येक स्थानकावर असते. सर्व रेल्वेला लागू असलेल्या सामान्य नियमांखाली प्रत्येक स्थानकाची स्वतःची ‘स्टेशन वर्किंग रूल्स’ ही पुस्तिका असते: येथे किती रूळ आहेत, कोणता सांधा कोठून फिरतो, कोणती गाडी कोणत्या परिस्थितीत घेऊ नये. १९७६ चे सामान्य नियम सांगतात की ज्याच्या कामाला नियम लागू आहेत त्याला त्यांची प्रत किंवा संबंधित भागाचा अनुवाद द्यावा, आणि त्याने ती प्रत दुरुस्ती-चिठ्ठ्या चिकटवून अद्ययावत ठेवावी. नवा मास्तर रुजू झाला की पुस्तिका वाचून समजल्याची सही करतो, मगच काम हाती घेतो.

१२/
याच व्यवस्थेत ‘प्रायव्हेट नंबर’ नावाची एक साधी युक्ती आहे. प्रत्येक मास्तराजवळ क्रम नसलेल्या आकड्यांचा छापील तक्ता असतो. महत्त्वाचा निरोप पोहोचला, समजला आणि मान्य झाला, की उत्तर देणारा आपल्या तक्त्यातील पुढचा आकडा सांगतो. दोन्हीकडे तो नोंदला जातो आणि वापरलेला आकडा खोडला जातो. नुसते ‘हो’ कोणीही, कशालाही म्हणू शकतो. आकडा मात्र ठरावीक निरोपाला ठरावीक माणसाने दिलेल्या ठरावीक उत्तराची खूण ठरतो. पुढे ही युक्ती पुन्हा लागणार आहे.

१३/
संगणकाच्या जगात अवजारांच्या वर्णनाला शिस्त आली ती युनिक्सबरोबर. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात प्रत्येक आज्ञेला एकसारख्या मथळ्यांचे पान होते: नाव, वापरण्याचे रूप, वर्णन, संबंधित फाईली, चुकीचे संदेश, आणि ‘बग्ज’, म्हणजे ज्ञात दोष. आपल्या अवजाराचे दोष त्याच्याच पुस्तिकेत कायमच्या मथळ्याखाली मांडण्याचा हा प्रामाणिकपणा पुढच्या अनेक पुस्तिकांनी विसरला. स्टेशनच्या पुस्तिकेत ‘या रुळावर अमुक गाडी घेऊ नये’ हे वाक्य जे काम करते, तेच काम हा मथळा करत होता.

१४/
गेम इंजिने त्यानंतरची. १९९३ च्या ‘डूम’मध्ये खेळाची सामग्री वेगळ्या फाईलीत आणि तिला चालवणारी यंत्रणा वेगळी, अशी विभागणी ठळकपणे दिसली. १९९८ मध्ये ‘अनरिअल’ खेळाबरोबर त्याचे संपादन-साधनही आले. २००५ मध्ये ‘युनिटी’ जाहीर झाले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांचे ‘गोडो’ २०१४ मध्ये मुक्तस्रोत झाले. या सर्वांची पुस्तके माणसासाठी लिहिली गेली. त्यात चित्रे होती, ‘उजवीकडच्या खिडकीत हे बटण दाबा’ अशी वाक्ये होती, आणि जे पुस्तकात नसे ते माणूस पडद्यावर डोळ्यांनी पाहून समजून घेई.

१५/
२०२३ पासून चित्र बदलू लागले. त्या वर्षीच्या जूनमध्ये ओपनएआयने आपल्या भाषा-प्रतिमानांना बाहेरची फंक्शने बोलावण्याची ठरावीक रीत दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत मांडला. त्यात प्रत्येक अवजार तीन मुख्य गोष्टींनी ओळखले जाते: नाव, साध्या भाषेतील वर्णन, आणि आत काय द्यायचे याचा आराखडा. या मार्गाने लवकरच युनिटी, अनरिअल, गोडो यांची अवजारेही एजंटांना जोडली गेली. खिडकी, बटण, शेजारचा सहकारी यांपैकी एजंटापुढे बहुधा काहीच नसते. पाटी असते, आणि पाटीवर जे लिहिले आहे तेवढेच असते.

१६/
उदाहरणासाठी समजावे की कोणी तरुण वरठीच्या स्थानकावर बेतलेला रेल्वेचा खेळ गोडोमध्ये रचत आहे. एजंटाला सांगितले, ‘फलाटाच्या टोकाला सिग्नल उभा कर.’ एजंटाला मिळालेल्या अवजाराचे नाव आहे ‘वस्तू हलवा’ आणि वर्णन आहे ‘वस्तू दिलेल्या ठिकाणी हलवते’. नाव आणि वर्णन एकच आहेत. कौटिल्याने यालाच पुनरुक्त म्हटले असते. ठिकाण कशात मोजायचे? वरची दिशा कोणती? ठिकाण कोणाच्या संदर्भात? वस्तू सापडली नाही तर काय होते? यांतील एकाचेही उत्तर पाटीवर नाही.

१७/
ही उत्तरे गृहीत धरता येत नाहीत, कारण इंजिनागणिक ती बदलतात. युनिटी आणि गोडो यांत वरची दिशा वाय अक्षाची, अनरिअलमध्ये झेड अक्षाची. पहिल्या दोघांत एक एकक म्हणजे एक मीटर धरण्याचा संकेत, अनरिअलमध्ये एक सेंटीमीटर. युनिटीत पुढची दिशा धन झेड, गोडोमध्ये ऋण झेड, अनरिअलमध्ये धन एक्स. गोडोच्याच द्विमितीय जगात वाय अक्ष खाली वाढतो. तेव्हा ‘उंची ५’ या दोन शब्दांचा अर्थ एके ठिकाणी पाच मीटर उंच सिग्नल असा होतो आणि दुसरीकडे बोटभर उंच खेळणे असा.

१८/
कोनाचे प्रकरण अधिक फसवे आहे. गोडोच्या संपादकात वस्तूचा फिरलेला कोन माणसाला अंशांत दिसतो. तीच वस्तू प्रोग्रॅममधून फिरवताना कोन सहसा रेडियनमध्ये द्यावा लागतो. वर्णनात एकक नसेल तर एजंट सिग्नल काटकोनात वळवण्यासाठी ९० हा आकडा देऊ शकतो. ९० रेडियन म्हणजे चौदा पूर्ण फेऱ्या आणि वर सुमारे ११७ अंश. कोणतीही चूक नोंदली जात नाही, कोणताही तांबडा संदेश येत नाही. सिग्नल उभा असतो, फक्त भलतीकडे तोंड करून. ‘कोन, रेडियनमध्ये’ हे दोन शब्द तेथे असते तर हा प्रकार टळला असता.

१९/
‘कोणाच्या संदर्भात’ हा प्रश्न तर थेट वरठीच्या पाटीचाच. गोडोमध्ये वस्तूचे साधे स्थान तिच्या पालक-वस्तूपासून मोजले जाते. संपूर्ण जगातील स्थानासाठी वेगळा गुणधर्म आहे. सिग्नल जर फलाटाचे अपत्य असेल तर त्याचे ‘स्थान’ फलाटापासूनचे असते. ‘भंडारा रोड’ हे नावही असेच सापेक्ष आहे: ते स्वतःची जागा सांगत नाही, दुसऱ्या जागेशी असलेले नाते सांगते. संदर्भ ठाऊक असेल तर दोन्ही नावे निर्दोष. ठाऊक नसेल तर दोन्ही माणसाला दहा किलोमीटर अलीकडे उतरवतात.

२०/
यापुढची अडचण काळाची. १ मार्च २०२३ रोजी गोडोची चौथी आवृत्ती आली आणि असंख्य नावे बदलली. ‘स्पेशिअल’चे ‘नोड-थ्रीडी’ झाले, ‘इन्स्टन्स’चे ‘इन्स्टॅन्शिएट’ झाले. पात्राला सरकवणारे ‘मूव्ह अँड स्लाईड’ नावाने तेच राहिले. पण पूर्वी त्याला वेग कंसात द्यावा लागे, आता तो आधीच पात्राच्या गुणधर्मात भरून ठेवावा लागतो. भाषा-प्रतिमाने ज्या मजकुरावर शिकली त्यात तिसऱ्या आवृत्तीची वर्षानुवर्षांची उदाहरणे पडलेली आहेत. एजंट नव्या इंजिनात जुन्या सवयीने बोलू लागतो.

२१/
मराठी इतिहासात याला एक सुंदर समांतर आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. परंपरेने तो रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी जोडला जातो. दहा वर्गांत सुमारे १४०० शब्द: फारसी-अरबी कारभारी शब्द आणि त्यांचे संस्कृत प्रतिशब्द. तरीही पुढे पेशवे दफ्तरात फडणीस, सुभेदार, मामलेदार हे शब्द नांदतच राहिले. नवे नाव जाहीर केल्याने जुन्याची सवय मोडत नाही. म्हणून चांगला कोश दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवतो. एजंटासाठीच्या वर्णनातही ‘हे चौथ्या आवृत्तीचे आहे, पूर्वीचे नाव अमुक, ते वापरू नये’ असे लिहावे लागते. ती रेल्वेच्या दुरुस्ती-चिठ्ठीचीच बहीण आहे.

२२/
काम झाल्यावर अवजार काय परत सांगते, हाही वर्णनाचाच भाग. ‘यशस्वी’ एवढेच उत्तर म्हणजे फोनवरचे नुसते ‘हो’. प्रायव्हेट नंबरची युक्ती येथे उपयोगी पडते: कोणती वस्तू हलली, दृश्यातील तिचा पूर्ण मार्ग काय, आता ती नेमकी कोठे आहे, हे उत्तरात आले पाहिजे, म्हणजे मागितलेले आणि घडलेले ताडून पाहता येते. अपयशाचा संदेशही तसाच असावा. ‘त्रुटी’ या शब्दाने काही साधत नाही. ‘या नावाची वस्तू नाही, आधी दृश्यातील वस्तूंची यादी मागवावी’ या वाक्याने पुढचा मार्ग दिसतो.

२३/
सर्वांत जपून लिहायच्या ओळी परत न फिरणाऱ्या कृतींच्या. गोडोमध्ये वस्तू नष्ट करण्याची ‘क्यू फ्री’ ही रूढ रीत वस्तू तत्काळ पुसत नाही. चालू फ्रेमच्या शेवटी पुसते. हे न सांगितल्यास एजंट लगेच तपासतो, वस्तू अजून आहे असे पाहतो, आज्ञा फसली असे समजतो आणि दुसरी एखादी वस्तू पुसायला घेतो. फाईल पुसणाऱ्या अवजाराचे तर बोलायलाच नको. एकट्याने खेळ रचणाऱ्याची सहा महिन्यांची रात्रपाळी एका दृश्य-फाईलीत असू शकते, आणि राखीव प्रत प्रत्येकाकडे असतेच असे नाही.

२४/
येथे थॉर्प आठवावे. ‘काळजीपूर्वक वापरा’ हे वाक्य स्वाक्षरीच्या नियमासारखे आहे: असावे, पण त्याच्यावर विसंबू नये. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या २०२५ च्या आवृत्तीत अवजार केवळ वाचणारे आहे की नासधूस करू शकणारे, हे सांगणाऱ्या खुणा आल्या. पण त्या सूचक आहेत, कुलूप नाहीत, हे तो संकेतच स्पष्ट करतो. कुलूप वेगळे बसवावे लागते. सिग्नलचा रंग मोकळा शब्द म्हणून न घेता ‘तांबडा, पिवळा, हिरवा’ या तिघांतूनच निवडायला लावणे, पुसण्याआधी काय पुसले जाईल याची यादी दाखवून माणसाची संमती मागणे, पुसलेले काही काळ बाजूला ठेवणे. टायरच्या पेटीतील चकती हीच होती: पलीकडून संमती आल्याखेरीज बाहेर न निघणारी.

२५/
मग सारेच लिहून काढावे काय? तसेही नाही. परिपूर्णतेच्या व्याख्येत कौटिल्य उणेपणाबरोबर अधिकपणाही टाळायला सांगतो. एजंटाच्या नजरेपुढे एका वेळी मावणारा मजकूर मर्यादित असतो; पन्नास अवजारांची प्रत्येकी दोन पाने वर्णने दिली तर महत्त्वाची ओळ त्या गर्दीत हरवते. स्टेशन मास्तराला अख्ख्या रेल्वेचा ग्रंथ रोज पाठ करावा लागत नाही. त्याच्या स्थानकाची पुस्तिका वेगळी असते. एजंटापुढेही हातातल्या कामाची अवजारे ठेवावीत आणि प्रत्येकाविषयी सहा गोष्टी सांगाव्यात: ते काय करते, केव्हा वापरू नये, आत काय व कोणत्या एककात, बाहेर काय, फसले तर काय, आणि मागे फिरता येते का.

२६/
असे वर्णन पुरेसे झाले की नाही याची कसोटी सोपी आहे. इंजिन कधीही न उघडलेल्या माणसाच्या हाती फक्त ते वर्णन द्यावे आणि शेजारच्या खोलीत बसून त्याला कृती लिहायला सांगावे. त्याने प्रश्न विचारला तर उत्तर देऊ नये. प्रश्न टिपून घ्यावा. टिपलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे वर्णनातली एक गाळलेली ओळ. रेल्वेने आपली पुस्तके अशाच गाळलेल्या ओळींनी वाढवली. फरक इतकाच की तेथे अनेक ओळींमागे चौकशी अहवाल आहे आणि त्यामागे माणसांची नावे आहेत.

२७/
वरठीच्या फलाटावर आजही ‘भंडारा रोड’ हीच पाटी आहे आणि ती बदलण्याची कोणाला गरज वाटत नाही. गाडीतून उतरलेला परका माणूस क्षणभर घुटमळतो, कोणाला तरी विचारतो, ‘भंडारा इथेच का?’ आणि कोणीतरी हाताने रस्ता दाखवतो. पाटीतील उणीव रोज अशी माणसांकडून भरून निघते. एजंटाच्या वाटेवर रस्ता दाखवणारा तो हात नसतो. तेथे जो कोणी अवजाराचे वर्णन लिहायला बसेल, त्याने तो हात आधीच त्या चार-सहा ओळींत ठेवायचा असतो.